खोकणाऱ्याला पेपरमिंट

रूल्फीन स्टेंगे कंजूष होती असं म्हणणं म्हणजे आमच्या वेस्टरमूरच्या दलदलीला ओलसर म्हणण्यासारखं आहे. शिवणकाम करायची. कोट उसवायला आला की त्यातला जुना दोरा रिळावर गुंडाळून ठेवायची आणि तोच दोरा दुसऱ्याच्या कोटाला घालायची, त्यामुळे गावातल्या प्रत्येक माणसाच्या पाठीवर दुसऱ्याच्या सासऱ्याचा दोरा होता. बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, काठीसारखी सरळ. लग्नाला एक जण विचारायला आला होता म्हणतात, पण येताना तो चिखलाचे बूट घालून आला आणि तिने त्याला दारातच फरशीची किंमत सांगितली.

तिच्या कंजूषपणाचा कळस पाहायचा तर रविवारी चर्चमध्ये. आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन तीन मुद्द्यांचं, दीड तासाचं. "पहिला मुद्दा" असं ते म्हणाले की चर्चभर टक् टक् टक् डब्या उघडायच्या आणि चारशे माणसं एक एक पेपरमिंट तोंडात टाकायची. "दुसरा मुद्दा", पुन्हा टक् टक्. "तिसरा मुद्दा", पुन्हा. डबी शेजाऱ्यापुढे धरायची ही रीत. आकाशातला बाप कदाचित क्षमा करील, पण शेजाऱ्यापुढे डबी न धरणाऱ्याला आमचं गाव करणार नाही.

रूल्फीनने कुणापुढे डबी धरल्याचं कुणीही पाहिलं नव्हतं. ती पहिल्या मुद्द्याला एक गोळी तोंडात ठेवायची आणि ती आमेनपर्यंत पुरवायची. उरलेली चकती रुमालात बांधून दुपारच्या उपासनेला वापरते अशी बोलवा होती. ही बोलवा स्वान्त्येने उठवली होती, आणि ती खरी होती.

स्वान्त्ये म्हणजे तिची बाकावरची शेजारीण. विधवा, अंडी विकणारी, गोल, तोंडात दोनच दात, पण त्या दोन दातांनी सगळ्या गावाला चावणारी. चर्चमधल्या जागा घराण्याच्या नावाने ठरलेल्या, बदलता येत नाहीत. पाचव्या बाकावर कडेला स्वान्त्ये, तिच्या आत रूल्फीन. एकोणीस वर्षांपूर्वी स्वान्त्येचा नवरा गेला, त्यानंतरच्या रविवारी रडून रडून तिला खोकल्याची उबळ आली. रूल्फीनने डबी उघडली. आत पाहिलं. तीन गोळ्या होत्या. तिने डबी मिटली. टक्.

तो टक् स्वान्त्ये विसरली नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, एकमेकींबद्दल मात्र अखंड बोलायच्या, तेही समोरच्या बाकाकडे बघून.

"काही लोकांच्या अंगाला कोंबड्यांचा वास येतो."

"काही लोकांच्या अंगाला कसलाच वास येत नाही. साबणाचासुद्धा."

असं चाललं असताना जर्मन आले आणि राहिले. पहिली दोन वर्षं रूल्फीनचा त्यांच्यावरचा राग मुख्यतः दोऱ्याचा होता, कारण दोरा मिळेनासा झाला. मग पोरांना जर्मनीत कामाला धरून नेऊ लागले, शहरातल्या ज्यू कुटुंबांना रात्रीतून उचलू लागले, आणि आमच्याकडच्या दूरदूरच्या शेतघरांमध्ये, गवताच्या माळ्यांवर, माणसं बुडी मारून, म्हणजे लपून, राहायला लागली. बुडी मारलेल्या माणसाला रेशनचं कूपन मिळत नाही. कूपन नाही तर पाव नाही, लोणी नाही.

भूमिगतांची कूपनं वीत्स्के आणायची. चोवीस वर्षांची मुलगी, सायकलच्या चाकांना टायरऐवजी बागेतली पाण्याची नळी बांधलेली. एका दुपारी ती रूल्फीनकडे कॉलर उलटून घ्यायला म्हणून आली आणि कॉलरच्या आतून कूपनं काढून टेबलावर ठेवली.

"आत्या, ही शेतघरांना पोचवायचीत. पण शेतघरांकडे कितीही सांभाळून गेलं तरी दिसतं. नवा हवालदार पुलावरच उभा असतो."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? मी काय उडते?"

"रविवारी सगळे शेतकरी चर्चला येतात. तुम्ही त्यांना पेपरमिंट द्या. कागदात गुंडाळून. आत घडी घातलेली कूपनं."

रूल्फीनने कूपनं तिच्याकडे परत सरकवली. "पोरी, अक्कल कुठल्या गावी ठेवून आलीस? मी आयुष्यात कुणाला पेपरमिंट दिलेली नाही. उद्या मी वाटायला लागले तर जर्मनांना आठ दिवस लागतील संशय यायला, आमच्या गावाला आठ मिनिटं."

"मग?"

रूल्फीनने सुई कॉलरमध्ये खुपसली. "उपकार म्हणून दिली तर कुणी विश्वास ठेवणार नाही," ती म्हणाली. "अपमान म्हणून दिली तर ठेवतील."

पुढच्या रविवारी पहिल्या मुद्द्याला गिरणीजवळचा लाम्मर्ट सांगितल्याप्रमाणे खोकला. रूल्फीनने मान पूर्ण वळवून त्याच्याकडे असं बघितलं की शेजारच्या तिघांनी श्वास धरला. तिने डबी उघडली, कागदातली एक गोळी काढली आणि "द्या त्या भोंग्याला," असं पुटपुटत पुढे केली. गोळी हातोहात बाकांवरून पुरुषांच्या बाजूला गेली. लाम्मर्ट कानापर्यंत लाल झाला, आणि तो काही नाटक करत नव्हता.

गावाने एकमताने निकाल दिला की म्हातारीच्या रागाने तिच्या कंजूषपणावर मात केली. हे सगळ्यांना पटलं, कारण दोन्ही दुर्गुणच होते.

गोळ्या तिच्या घरच्याच. साखर मिळत नव्हती, म्हणून बीटचा पाक आणि परसातला पुदिना. हिरवट करड्या रंगाच्या, कोटाच्या बटणाएवढ्या, तितक्याच मऊ. एकमेकींना चिकटतात म्हणून कागद, असं सांगायला निमित्तही झालं. कूपनं मिळायची त्या रविवारी ज्याचं त्याने खोकायचं, बाकीच्यांनी दम धरायचा. बाकाच्या कडेला स्वान्त्ये बसलेली, त्यामुळे प्रत्येक गोळी तिच्या हातातून पुढे जायची. मेलेला उंदीर उचलावा तशी दोन बोटांत धरून ती पुढे द्यायची.

धोका काय होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावात एका मास्तराच्या पुस्तकात दोन कूपनं सापडली. त्याला शाळेच्याच भिंतीशी उभं केलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना त्याच भिंतीजवळून वर्गात पाठवलं.

आता हवालदार क्नोल. आमचा जुना हवालदार स्वतःच बुडी मारून गेला, तेव्हा शहरातून हा आला. आपल्याच देशाचा, काळा गणवेश, जर्मनांपेक्षा जास्त जर्मन. देवावर विश्वास नव्हता, पण हजेरीवर होता, म्हणून दर रविवारी खांबाजवळ बसायचा, जिथून सगळ्यांच्या माना दिसतात. एका शनिवारी तो रूल्फीनकडे पँट घेऊन आला.

"ढिली करायचीय, रूल्फीनबाई. कंबरेत."

"सगळा गाव पँटी आवळून घेतोय आणि तुम्हाला ढिली हवी. देवाची कृपाच म्हणायची."

क्नोल हसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. "लाम्मर्ट खोकला की पेपरमिंट. हिंद्रिक खोकला की पेपरमिंट. मी मागच्या महिन्यात चार रविवार खोकलो. छातीतला, खरा खोकला. मला एकदाही नाही."

"मला ऐकू नाही आला."

"पाळकसाहेब प्रवचन थांबवून माझ्याकडे बघत होते."

"मग त्यांच्याकडे मागायची."

"उद्या पुन्हा खोकणार आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या मुद्द्याला. बघू या, तुमचा राग सगळ्यांवर सारखा आहे की ठरावीक लोकांवरच." आणि दारातून बाहेर पडता पडता म्हणाला, "मंगळवारपर्यंत होईल ना पँट?"

रूल्फीन त्या संध्याकाळी डबी भरायला बसली. एक गोळी लाम्मर्टची, कूपनांची. एक हिंद्रिकची, कूपनांची. त्याच्या माळ्यावर एक शिंपी, त्याची बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी होती, आणि त्यांचं महिन्याचं सगळं त्या एका घडीत होतं. या दोन डबीच्या उजवीकडे. डावीकडे क्नोलसाठी एक साधी गोळी, तसाच कागद, आत काही नाही. मग तिने आणखी दोन साध्या टाकाव्यात म्हणून बरणीत हात घातला. हात आत होता. पण पाक महाग, पुदिना संपत आलेला, आणि उद्या कोण मरायला खोकतंय, असं म्हणून तिने हात रिकामा बाहेर काढला. जर्मन फौजेला जे जमलं नव्हतं ते तिच्या स्वभावाने करून दाखवलं.

रविवारी पहिल्या मुद्द्याला लाम्मर्ट खोकला, गोळी गेली. दुसऱ्या मुद्द्याला हिंद्रिकने छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात म्हातारा बेरेंद खोकला. बेरेंद आयुष्यभर दलदलीतली जळणाची माती कापायचा. त्याचा खोकला म्हणजे ओल्या लाकडावर करवत. थांबेचना. हिंद्रिक सभ्य माणूस, दुसऱ्याच्या खोकल्यावर आपण खोकायचं नाही असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, म्हणून तो गप्प वाट बघत राहिला.

आणि सगळं चर्च रूल्फीनकडे बघायला लागलं. कायदा तिचाच होता. खोकणाऱ्याला पेपरमिंट.

"काही लोक आज आंधळे झालेत का बहिरे?" स्वान्त्ये समोरच्या बाकाला म्हणाली.

खांबाजवळून क्नोल बघत होता. रूल्फीनने डावीकडची गोळी काढली आणि बेरेंदला पाठवली. बेरेंदच्या डोळ्यांत पाणी आलं, खोकल्याने की काय कोण जाणे.

तिच्या डबीत आता एकच गोळी होती. शिंप्याच्या मुलीची.

"तिसरा मुद्दा," पाळकसाहेब म्हणाले. टक् टक् टक्. हिंद्रिकने तोंड उघडायच्या आत खांबाजवळून खोकला आला. बेताचा, सावकाश, दारावर टिचकी मारावी तसा. एकदा. मग पुन्हा.

रूल्फीनच्या मांडीवर डबी उघडी होती. द्यावी, तर कागद उघडला की भिंतीशी उभं राहायचं, आणि माळ्यावरच्या तिघांचं त्याहून वाईट. न द्यावी, तर तो दारात डबी मागणार, आणि डबीत हीच आहे. स्वतःच्या तोंडातली अर्धी चोखलेली काढून द्यावी, असंही एक क्षण तिच्या मनात आलं. आणि लाज वाटण्याआधी तिला त्या गोळीची हळहळ वाटली, हे मुद्दाम सांगायला हवं. क्नोल तिसऱ्यांदा खोकला. माना वळल्या.

तेवढ्यात शेजारून एक जाड, लाल, कोंबडीच्या पिसांचा वास येणारा हात आला, थेट डबीत गेला, आणि त्याने उचललेली गोळी, कागदासकट, दोन दातांमागे नाहीशी झाली.

"एकोणीस वर्षं!" स्वान्त्ये म्हणाली. पुटपुटली नाही, म्हणाली. "एकोणीस वर्षं माझ्या नाकासमोरून जातायत! आता त्या काळ्या डगल्याला द्यायला निघाली, आणि मी काय नुसती पोस्टमन?"

पाळकसाहेबांचं बोट बायबलातल्या नहेम्याने बांधलेल्या भिंतीच्या ओळीवर तसंच थांबलं. वेस्टरमूरच्या चर्चमध्ये दोनशे वर्षांत चोरी झाली नव्हती, आणि झाली ती भर प्रवचनात, पाचव्या बाकावर.

"चोर!" रूल्फीन ओरडली. तो शब्द मनापासून आला.

"कंजूष!" तोंड भरलेलं असल्यामुळे स्वान्त्येचा तो शब्द फेसासारखा आला.

"भगिनींनो," पाळकसाहेब म्हणाले, आणि मग प्रवचनातली ती भिंत पुढे बांधायला लागले. पस्तीस मिनिटं बांधत होते. पस्तीस मिनिटं स्वान्त्ये चावत होती. दोन दातांना कागद म्हणजे काय ते त्या दातांनाच ठाऊक.

दारात क्नोल उभा होता. "डबी."

रूल्फीनने डबी दिली. त्याने उघडली. तळाशी थोडा हिरवा भुगा. त्याने बोट लावलं.

"चाटू नका," रूल्फीन म्हणाली. "तो दुपारच्या उपासनेचा आहे."

क्नोल स्वान्त्येकडे वळला. "तोंड उघड."

"अगं बाई! माझा नवरा तर आयुष्यभर उलटं सांगायचा."

"उघड म्हणतो ना!" त्याने तिची हनुवटी धरली. तिने आ केला. हिरवी जीभ, दोन दात, बाकी काही नाही.

"कागद कुठंय?"

"खाल्ला. एकोणीस वर्षांनी मिळाली, कागद सोडत बसू? तुम्ही सोडला असता, तुमचं पोट भरलेलं असतं."

मागे कुणीतरी हसलं. चर्चच्या दारात आमच्याकडे हसत नाहीत, त्यामुळे ते हसू फार मोठं ऐकू आलं. क्नोलने तिची हनुवटी अशी ढकलली की तिचं डोकं दगडी चौकटीवर आपटलं. मग कुणीच हसलं नाही. "मी विसरत नसतो," तो दोघींना म्हणाला.

विसरला नाहीच. सोमवारी सकाळी येऊन त्याने रूल्फीनच्या घरातल्या गाद्या फाडल्या, अर्धवट शिवलेल्या सगळ्या कोटांची अस्तरं चाकूने उसवली, पेपरमिंटची बरणी फरशीवर फोडली. काही सापडलं नाही. तो गेल्यावर रूल्फीनने आधी अस्तरांचा दोरा रिळावर गुंडाळून ठेवला. मग गोळ्या वेचल्या, काचा काढून धुतल्या. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा स्वान्त्येच्या दारात गेली.

स्वान्त्ये पोट धरून चुलीपाशी बसली होती. डोक्याला फडकं.

"तू तीन माणसांचा महिन्याचा पाव खाल्लास," रूल्फीन दारातूनच म्हणाली.

"चव कशी होती ते विचार."

"कशी?"

"छापखान्यासारखी."

रूल्फीन आत आली. खुर्चीवर कोंबडी होती, म्हणून उभीच राहिली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून. मी अंडी विकते, बाई. नुसतं हातात घेऊन कुठलं सडकं ते सांगते. तुझ्या गोळ्या बटणाच्या मापाच्या, सगळ्या सारख्या, तरी कधी एक जड, कधी एक हलकी. आणि मुळात तू, आणि दुसऱ्याला गोड देणार? काहीतरी लपवल्याशिवाय?"

"मग कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? मी खोटारडी आहे असं तूच अख्ख्या गावाला सांगून ठेवलंयस."

आणि ते रूल्फीनने खरंच सांगितलं होतं. स्वान्त्ये कण्हत उठली, कोपऱ्यातली राईच्या पिठाची पिशवी ओढून आणली. अर्धी भरली असेल. "त्या हिंद्रिककडे आज अंडी द्यायला जातेय. हे नेते. माझ्याकडे फिरायचा परवाना आहे, मला पुलावर कुणी अडवत नाही. आणि आभार मानू नकोस."

"मानणार नव्हते."

"पुढच्या वेळेपासून सगळं मलाच दे. मीच खोकेन. क्नोलला वाटू दे की ही चोरटी सोकावली."

"कूपनं देईन," रूल्फीन म्हणाली. "गोळी परत करायची."

"परत?"

"कागद पोचवायचा. गोळी कशाला हवीय तुला?"

स्वान्त्येने कोंबडी उचलून तिच्या अंगावर सोडली.

त्यानंतर वर्षभर दर रविवारी पाचव्या बाकावर युद्ध झालं. स्वान्त्ये खोकायची, अगदी बेशरमपणे, तिन्ही मुद्द्यांना. रूल्फीन हाड टाकावं तशी गोळी तिच्या मांडीवर टाकायची. कागद बाहीत, गोळी तोंडात. मग मंगळवारी अंड्यांच्या टोपलीतून कूपनं सगळ्या शेतघरांत. क्नोल खांबाजवळून बघत राहिला, आणि दोन भांडकुदळ म्हाताऱ्यांपलीकडे त्याला कधी काही दिसलं नाही. गावाने मात्र दोघींनाही वाळीत टाकलं. चर्चच्या पंचांनी घरी येऊन दोघींना समज दिली, पवित्र भोजनाला येऊ नका म्हणून सांगितलं. हे रूल्फीनला अस्तरांपेक्षा जास्त लागलं. भोजनाचं मेज मांडलं की बाकावरून उठून सगळ्यांदेखत बाहेर जाताना ती कुणाकडे बघायची नाही. मागून स्वान्त्ये यायची. एका अंतरावर.

वीत्स्के फेब्रुवारीत पकडली गेली. तिने कुणाचंही नाव सांगितलं नाही. तिची उलटलेली कॉलर रूल्फीनच्या खुंटीवर तशीच राहिली. ती द्यायला कुणी नव्हतं आणि उसवायला तिचा हात होईना.

एप्रिलमध्ये कॅनडाचे रणगाडे आले. क्नोलला हात डोक्यावर ठेवून रस्त्याने नेलं. दर दहा पावलांना त्याला एक हात खाली आणावा लागत होता आणि दर दहा पावलांना शिपाई त्याला बंदुकीने ढोसत होता, कारण पँट रूल्फीनने त्याने सांगितल्यापेक्षा चार बोटं जास्तच ढिली केली होती. हिंद्रिकच्या माळ्यावरून तिघं उतरले. मुलगी उन्हात डोळे मिटून भिंतीला धरून चालत होती. शिंप्याने रूल्फीनचा हात धरला, आणि मग, शिंपीच तो, तिच्या कोटाची शिवण बघून म्हणाला, "हा दोरा जुना आहे."

एका शिपायाने रूल्फीनला खऱ्या पेपरमिंटची एक आख्खी पुडी दिली. पांढऱ्याशुभ्र गोळ्या. त्या रविवारी ती आपल्या जागेवर बसली. शेजारी स्वान्त्ये. गावाला एव्हाना सगळं कळलं होतं. पंच बघत होते, लाम्मर्ट बघत होता, आणि दोघी समोरच्या बाकाकडे बघत होत्या.

"पहिला मुद्दा," पाळकसाहेब म्हणाले. टक् टक् टक्.

स्वान्त्ये खोकली.

रूल्फीनने डबी उघडली. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डबी तिच्यापुढे धरली, उघडी, रीतीप्रमाणे.

स्वान्त्येने एक गोळी घेतली, उलटीपालटी करून बघितली, तोंडात टाकली, आणि समोरच्या बाकाला म्हणाली, "कागदाशिवाय काही चव नाही."

"आण इकडे मग," रूल्फीन म्हणाली.

दुसऱ्या मुद्द्याला स्वान्त्ये पुन्हा खोकली.